डोळे भरणारी देवकाबाई

महादेवराव भोयरांच्या हातांना थरथर सुटली ती नव्वद सालच्या पावसाळ्यात. आधी नुसता चहाचा कप बशीवर वाजायचा. मग सदऱ्याच्या गुंड्या लागेनात. दिवाळी सरून संत्र्याचे डोळे भरायचा मोसम उभा राहिला, तेव्हा त्यांच्या हातच्या शंभर कलमांतली चाळीससुद्धा जीव धरेनात. सेवाग्रामच्या दवाखान्यात डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि समजावून सांगितलं की थरथर कमी होईल, पण जायची नाही.

दुसऱ्या कुणाचं एवढ्यानं अडलं नसतं. महादेवरावांचं अडलं, कारण त्यांचं सगळं काम बोटांच्या टोकावर होतं. चांगल्या संत्र्याचं झाड बी टाकून करत नाहीत. जंभेरी लिंबाचं रोप वाढवायचं, ते बोटाएवढं जाड झालं की वीतभर उंचीवर त्याची साल उभी-आडवी चिरायची, आणि नावाजलेल्या संत्र्याच्या काडीवरचा एक डोळा सालीच्या चिमुकल्या ढालीसकट उचलून त्या चिरेत सरकवायचा. वरून पट्टी आवळायची. खालचं मूळ जंभेरीचं राहतं, त्याला खुंट म्हणतात. वर वाढतं ते संत्रं. या कामाला भोयरांच्या आंजी मोठीपासून थेट कारंज्यापर्यंत ‘डोळे भरणं’ म्हणतात. चीर केसभर खोल गेली की डोळा मेलाच.

देवकाबाई चौदा वर्षं नवऱ्यामागे ओणवी होऊन पट्ट्या बांधत आली होती. त्या मोसमात एक दिवस महादेवरावांनी एकामागून एक तीन डोळे फाडले आणि चाकू मातीत टेकवून ते नुसतेच बसून राहिले. ती समोर येऊन बसली.

“आना इकडे,” ती म्हणाली.

“तुले येते का?”

“पायत त आली न इतके वर्सं.”

तिनं घेतलेला पहिला डोळा न फाटता चिरेत बसला, दुसराही बसला. महादेवराव शेजारी उकिडवे बसून सांगत राहिले, कोन बदल, अंगठा खाली घे, डोळ्याच्या आतल्या अंगाला बोट लावू नको. सासऱ्याच्या वेळेपासूनची शिस्त होती, तीही तिनं जशीच्या तशी उचलली. सकाळी चाकूची धार जाळावर धरायची, स्पिरिटच्या बोळ्यानं पुसायची, मग कामाला लागायचं.

पण गावात लगेच झालं, बाईच्या हातचा डोळा लागत नाही म्हणे. दोन ठिकाणचं ठरलेलं काम गेलं. त्या वेळी तिला उभं केलं ते वासुदेवराव ढगे यांनी. त्यांची आर्वी रोडला मोठी बाग, आणि विहिरीपासचं त्यांचं एक झाड तर असं की त्याच्या संत्र्याची साल पातळ, फोडी रसाच्या, वर्ध्याच्या बाजारात गिऱ्हाईक नाव घेऊन मागायचं. ज्याला-त्याला त्या झाडाचे डोळे हवे असत. वासुदेवरावांनी देवकाबाईला शंभर खुंट दिले आणि म्हणाले, “भर. मी कोनाले सांगत नाई. मोजू मंग.” महिन्याभरानं पट्ट्या सोडल्या तेव्हा शहाण्णव डोळे हिरवे होते. ते शहाण्णव वासुदेवरावांनी इतक्या लोकांना मोजून दाखवले, की पुढच्या वर्षी देवकाबाईला श्वास घ्यायला सवड राहिली नाही. दिवसाला सहाशे डोळे भरायची ती. लोक पंधरा-पंधरा दिवस तिची वाट पाहायचे, आणि काडी सांगायचे ती वासुदेवरावांच्या विहिरीपासच्या झाडाची.

चौऱ्याण्णवच्या आसपास जंभेरीवरच्या बागांत डिंक्यानं धुमाकूळ घातला. बुंध्यातून डिंक वाहायचा, मुळं कुजायची, उभं झाड वाळायचं. तेव्हा रंगपूर लिंबाच्या खुंटाची हवा आली. तो डिंक्याला दाद देत नाही असं सगळे सांगत. तीन हिवाळे देवकाबाईनं रंगपुरावर डोळे भरले. एकंदर एकोणीस बागा झाल्या.

नव्व्याण्णवच्या दिवाळीनंतर त्या एकोणिसांतल्या एका बागेचे मालक पुंडलिकराव किनकर तिच्या दारी आले. हा माणूस मोठा सबुरीचा. शेतात साप निघाला तरी आधी त्याला वाट देणारा. ओट्यावर बसून ते म्हणाले, “देवकाबाई, जरा बागेत येजो. झाडं खुजे राह्यले. आन बुडाची साल सुटून राह्यली.”

ती त्याच पावली गेली. पाच वर्षांची झाडं, पण डोक्याच्या वर गेली नव्हती. तिनं खाली बसून बुंधा पाहिला. डोळा भरला होता त्या जोडाच्या वर संत्र्याचं खोड गुळगुळीत, निरोगी. जोडाच्या खाली, रंगपुराच्या भागावर, साल उभी तडकून पट्ट्यापट्ट्यांनी सुटली होती. बोट लावलं की खपली हातात यायची. डिंक नव्हता. कुजका वास नव्हता. हा डिंक्या नव्हे, एवढं तिला तिथंच कळलं. खतं-औषधांच्या दुकानातून पुंडलिकरावांनी मोरचुदाची पेस्ट आणून लावली होती, तिचा निळा रंग तसाच होता आणि साल त्याच्या खालून सुटत होती.

“किती झाडाले हाये?”

“मोजले नाई. लई हाये.”

या बागेची एक गोष्ट वेगळी होती. पुंडलिकरावांनी रंगपुराची रोपं आधी शेतात लावून घेतली होती आणि देवकाबाईनं जागेवरच डोळे भरले होते. म्हणजे ज्या क्रमानं तिचा चाकू चालला, त्याच क्रमानं झाडं आजही उभी होती. वीस-वीस झाडांच्या बावीस ओळी. दुसऱ्या दिवशी ती गेरूचा डबा घेऊन आली आणि साल सुटलेल्या प्रत्येक झाडाला पट्टा ओढत गेली. दुपारपर्यंत पंधरा ओळी झाल्या. जवळपास सगळी झाडं लाल.

सोळाव्या ओळीपाशी ती थबकली. तिला चांगलं आठवत होतं. डोळे भरले त्या दिवशी दुपारी वासुदेवरावांच्या काड्या संपल्या होत्या. मग महादेवरावांनी घरून, आपल्या आवारातल्या झाडाच्या काड्या आणून दिल्या. ते झाड सासऱ्यानं बियापासून वाढवलेलं, काटेरी, उशिरा फळणारं, पण ठणठणीत. सोळाव्या ओळीपासून पुढे सगळे डोळे त्या झाडाचे होते. संक्रांतीचा दिवस होता, पुंडलिकरावांच्या घरून तिळाच्या वड्या आल्या होत्या, त्या खाऊनच तिनं ती ओळ सुरू केली होती.

म्हणजे सोळावी ओळ कोरी असायला हवी होती. पण तिची पहिली नऊ झाडं लाल झाली. मग एक सोडून एक. सतराव्या ओळीत चार, अठराव्या ओळीत एक. एकोणिसाव्या ओळीपासून शेवटपर्यंत एकाही झाडाची साल सुटलेली नव्हती.

देवकाबाई बांधावर जाऊन बसली. एवढं तिला दिसलं की दुखणं वासुदेवरावांच्या काड्यांतून आलं. पण आपल्या झाडाच्या डोळ्यांना ते कसं लागलं? आणि लागलं तर पुढे जाता-जाता कमी कमी का होत गेलं? चिखलाचा पाय फरशीवर पडावा, पहिली पावलं गच्च उमटावीत आणि चालता-चालता पुसट व्हावीत, तसं ते होतं. त्या सगळ्या झाडांमधून सलग चाललेली वस्तू एकच होती. ती तिच्या कमरेला होती.

घरी तिनं महादेवरावांना सांगितलं. ते म्हणाले, “लोक खुंटाले दोष देऊन राह्यले. रंगपूर खराब निंगाला म्हनते. म्हनू दे.”

“आन उद्या मी आनखी कोनाच्या बागेत चाकू लावीन त?”



जानेवारीत ती ओल्या पोत्यात फांद्या आणि सालीचे तुकडे गुंडाळून एसटीनं वर्ध्याला आणि तिथून रेल्वेनं नागपूरला गेली. संत्र्यावर संशोधन करणारी एक प्रयोगशाळा तिथं आहे एवढंच ऐकलेलं. दोन ठिकाणी विचारत, एका फाटकावर तासभर उभं राहून ती अखेर डॉ. मोहिनी गावंडे यांच्या टेबलापाशी पोचली. मोहिनी तिशीची असेल. झाडांच्या रोगांवर काम करायची. तिनं पोतं उघडून साल पाहिली, आणि देवकाबाई ओळींचं सांगायला लागली तशी तिनं पेन खाली ठेवलं.

“मावशी, पुन्हा सांगा. सोळाव्या ओळीत नऊ, मग?”

देवकाबाईनं पुन्हा सांगितलं. मोहिनीनं कागदावर ओळींप्रमाणे ठिपके काढले.

“विषाणू ऐकलाय ना तुम्ही?”

“आईकला. डोयाले दिसत नाई म्हनते.”

“मला वाटतं हे त्याच्याहूनही लहान आहे. विषाणूच्या अंगावर निदान एक कवच असतं. याला तेही नाही. आरएनए नावाच्या पदार्थाची नुसती गोल कडी. तीनशे एकाहत्तर मण्यांची माळ समजा, दोन्ही टोकं जोडलेली. व्हायरॉइड म्हणतात त्याला.”

“खाते का थे?”

“काही नाही. झाडाच्या पेशीत शिरतं आणि झाडाकडूनच आपल्या नकला करून घेतं.”

“मंग थे जितं म्हनाचं का मेलेलं?”

मोहिनी हसली. “ते मलाही नक्की सांगता यायचं नाही.”

जंभेरीला ते सोसतं, तिनं पुढे समजावलं. त्या खुंटावरचं झाड वर्षानुवर्षं आतून रोगी आणि बाहेरून देखणं राहू शकतं. रंगपुराला सोसत नाही, त्याची साल सुटते, झाड खुजं राहतं. म्हणून इतकी वर्षं कुणाला पत्ता लागला नाही, आणि खुंट बदलल्यावर लागला.

“आन चाकू?” देवकाबाईनं विचारलं. “मी त रोज जाळावर धरते. स्पिरिटनं पुसते.”

मोहिनीनं आवाज खाली घेतला. “मावशी, स्पिरिटनं याला काही होत नाही. उकळत्या पाण्यातूनसुद्धा निभावून जातं. आणि तुम्ही धार जाळावर धरता ती सकाळी एकदा. चाकूवरून ते पसरतं असं बाहेरच्या देशांत आढळलंय. तुमच्या भागात कुणी तपासलेलं मला तरी माहीत नाही.”

“मंग तपासा न. मीच काप मारते. माह्याच चाकूनं.”

महाळुंगाची एक जात या रोगाला फार हळवी असते, रोग शिरला की महिन्यांत पानं वळतात. फेब्रुवारीत देवकाबाई पुन्हा नागपूरला गेली. महाळुंगाच्या दहा कुंड्या मांडल्या होत्या. चार रोपांवर पुंडलिकरावांच्या रोगी झाडाची साल बांधली. तीन रोपांना कोऱ्या चाकूनं नुसते काप दिले. उरलेल्या तिघांसाठी देवकाबाईनं स्वतःचा चाकू वासुदेवरावांच्या विहिरीपासच्या झाडाच्या काडीतून फिरवला, रोजच्यासारखा स्पिरिटनं पुसला आणि प्रत्येक खोडावर पाच-पाच काप मारले. हात जरासुद्धा हलला नाही, असं मोहिनी नंतर सांगायची.

रोग उन्हात लवकर बोलतो, म्हणून काचेचं ते घर तापतं ठेवलं होतं. मेच्या शेवटी आंजीच्या एसटीडी बूथवर निरोप आला. देवकाबाई गेली. मोहिनी काही सांगणार तेवढ्यात तिनं हातानं थांबवलं आणि ती एकटीच कुंड्यांपाशी गेली. कोऱ्या चाकूच्या तीन रोपांची पानं सरळ, तुकतुकीत. साल बांधलेल्या चारही रोपांची पानं खाली वळून कुरळी झालेली. आणि तिच्या चाकूच्या तीन रोपांचीही तशीच, पानाच्या मागची शीर तडकून तपकिरी झालेली. ती एकेक पान उलटं करून पाहत राहिली. उकाड्यानं घाम निथळत होता. बाहेर आल्यावर तिनं पाणी मागितलं, प्यायली आणि म्हणाली, “एकोनीस बागा हाये, म्याडम.”

“तुम्हाला माहीत नव्हतं, मावशी. कुणालाच माहीत नव्हतं.”

“आता मले माहीत हाये न.”

पाऊस लागायच्या आत तिनं एकोणीसही बागा पालथ्या घातल्या. रोज सकाळी एक बाग, कधी पायी, कधी मिळेल त्या गाडीनं खरांगण्याच्या पुढपर्यंत. प्रत्येक ठिकाणी मालकाला बुंध्यापाशी नेऊन तेच सांगायचं: हे माझ्या चाकूनं आलं. झाडं मरणार नाहीत, खुजी राहतील, फळ कमी देतील, पण देतील. यातल्या एकाही झाडाचा डोळा कुणाला देऊ नका, आणि इथली कात्री-चाकू चांगल्या बागेत नेऊ नका.

पुंडलिकरावांनी ऐकून घेतलं, आणि एवढंच विचारलं, “मंग तोडाचे नाई न?” नाही म्हटल्यावर ते पाणी द्यायला निघून गेले. काहींना ती काय म्हणते तेच कळेना. डोळ्याला न दिसणारी कडी त्यांना थट्टाच वाटली. दोघा-तिघांनी तिलाच समजावलं, बाई, रंगपूर खराब निघाला, तू काऊन अंगावर घेते? आणि चंद्रभान लोणकरांनी बुंध्यापाशीच तिला फैलावर घेतलं. त्यांची सहाशे झाडं होती, मोठ्या हौसेनं लावलेली.

“सहा वर्सं गेले माहे. आन तू सांगून राह्यली, चुकलं म्हून?”

“हो, भाऊ.”

“मंग माह्या वावरातून बाह्यर हो. आन परत पाय टाकू नको.”

ती निघाली. पुढे चंद्रभाननी बसस्टँडवर, बाजारात, जिथं चार माणसं भेटतील तिथं सांगितलं की भोयराच्या बाईनं गावोगाव रोग वाटला. ते खोटं आहे असं तिनं कधी म्हटलं नाही. त्यांच्या वाटेवरून जाणं मात्र टाळायची. आजही दोघं समोरासमोर आली तर चंद्रभान मान फिरवतात.

सगळ्यांत जड गेलं ते वासुदेवरावांकडे जाणं. ती विहिरीपाशी उभी राहून बोलत होती आणि ते खाटेवर बसून त्या झाडाकडे पाहत होते. झाड नेहमीसारखंच हिरवंगार, फळांनी लवलेलं. कुठं एक ओरखडा नाही.

“त्या झाडाच्याच डोळ्यानं तू उभी राह्यली, देवका,” ते म्हणाले. “आन त्यालेच रोगी म्हनतेस?”

“भाऊ, तुमचे उपकार मी इसरली नाई. म्हनूनच आली. त्याची काडी आता कोनाले देऊ नका.”

वासुदेवराव उठले आणि घरात गेले. दार लोटल्याचा आवाज आला. ती घरी आली. त्या दिवशी ती जेवली नाही, एवढं महादेवरावांना आठवतं. तिच्यापाशी बसून ते म्हणाले, “देवका, मी असतो न, त नसतं सांगतलं. खरं सांगतो. माह्यानं झालं नसतं.”

त्या वर्षीच्या हिवाळ्यात तिला कुणी बोलावलं नाही. ती इतर बायकांबरोबर कापूस वेचायला गेली. पण मधल्या दिवसांत तिचं एक काम चालूच होतं. मोहिनीनं सांगितलं होतं की व्हायरॉइडला एकच गोष्ट मारते, कपडे पांढरे करायला ब्लीचिंगचं पाणी वापरतात ते. देवकाबाईनं ते आणलं. पहिल्याच आठवड्यात चाकूवर तांबूस गंज चढला, तळहाताला भेगा पडल्या. मग तिनं आपली रीत बसवली: दोन चाकू, एक कामात आणि एक डब्यात बुडालेला, बाहेर काढला की साध्या पाण्यानं धुवायचा, गोड्या तेलाचं बोट फिरवायचं. काडी बदलली की चाकू बदलायचा. मोहिनीनं आवारातल्या काटेरी झाडाची परीक्षा केली, ते निर्मळ निघालं. बियातून हा रोग येत नाही म्हणून ते वाचलं होतं, आणि त्याच्या काड्या महादेवराव घरच्या वेगळ्या कात्रीनं कापायचे, बाईचा चाकू त्या झाडाला कधी लागला नव्हता, हेही नशीबच.

दुसऱ्या हिवाळ्यात पहिलं बोलावणं आलं ते पुंडलिकरावांचं. त्यांना शेजारच्या तुकड्यात नवी बाग लावायची होती. लोकांनी त्यांना वेड्यात काढलं. ते म्हणाले, “जिनं दुखनं दाखवलं तिलेच बलावन न मी. बाकीच्याहिले त दिसलंबी नाई.”

तिला डबे मांडून बसलेली पाहून इतर कलमवाले हसायचे. देवकाबाईचा चाकू दर घडीला आंघोळ करते, असं म्हणायचे. सहाशेवरून ती चारशेवर आली होती. ती हसण्यावारी न्यायची, पण डबा सोडायची नाही. अशी दोन वर्षं गेली. दोन हजार तीनच्या उन्हाळ्यात एक दिवस वासुदेवराव तिच्या आवारात आले. काठी टेकत आले, खाटेवर बसले. त्यांनी अठ्ठ्याण्णवमध्ये धाकट्या मुलाच्या वाट्याच्या जमिनीत रंगपुरावर बाग लावली होती, दुसऱ्या कलमवाल्याच्या हातून, विहिरीपासच्या झाडाच्याच काडीची.

“साल सुटली,” ते म्हणाले.

देवकाबाईनं चहा ठेवला. त्यांनी बशीत ओतून सावकाश प्यायला.

“झाड तोडलं नाई मी. तोडवत नाई.”

“तोडू नका, भाऊ. जागेवर हाये तवरिक थे कोनाचं काई बिघडवत नाई. फळं खा.”

“काडी बंद केली. आता कोनी मांगाले आलं, त तुह्याकडे धाडीन.” मग थांबून म्हणाले, “त्या दिवशी दार लावाले नाई पाह्यजे होतं.”

“कोनतं दार?” देवकाबाई म्हणाली, आणि कप उचलून आत गेली.

वासुदेवरावांचा शब्द फिरला तसं वारं फिरलं. मोहिनी आता तिला आर्वीला, कारंज्याला मेळाव्यांत बोलवू लागली. पहिल्या मेळाव्यात माईक हातात आल्यावर देवकाबाईच्या तोंडून शब्द फुटेना. समोर पन्नास-साठ कलमवाले, बागवाले; काहींच्या चेहऱ्यावर उघड हसू. तिनं माईक टेबलावर ठेवला, पिशवीतून एक पेरू आणि दोन हिरव्या मिरच्या काढल्या. मिरच्या चाकूनं बारीक चिरल्या. चाकू पदरानं स्वच्छ पुसला, दोन्हीकडून फिरवून सगळ्यांना दाखवला. मग पेरूच्या फोडी केल्या आणि पहिल्या रांगेत जे सगळ्यांत जास्त हसत होते त्यांना दिल्या.

“खा, बापा.”

दोघा-तिघांनी तोंडात टाकल्या आणि लगेच पाणी शोधायला लागले. मांडवात हशा पिकला.

“पुसला त होता न चाकू?” देवकाबाई म्हणाली. “तिखट दिसलं का कोनाले?”

त्यानंतर तिला माईक लागला नाही. मोहिनीनं गोल कडीचं चित्र फळ्यावर काढलं ते लोकांनी वहीत उतरवून घेतलं, पण घरी जाऊन बायका-पोरांना सांगितली ती मिरचीचीच गोष्ट. पुढच्या तीन-चार वर्षांत त्या भागातल्या बऱ्याच पन्हेऱ्यांत, म्हणजे रोपवाटिकांत, काडीच्या जुडीशेजारी ब्लीचिंगचा डबा दिसायला लागला. सगळ्यांत नाही. आळशी माणूस सगळीकडे असतोच. देवकाबाईकडे शिकायला बायकाही येऊ लागल्या. पहिल्या खेपेला पाच आल्या, त्यांतल्या दोघी आज तिच्याइतक्याच हातच्या पक्क्या आहेत. महादेवराव उन्हात खाट टाकून बसतात आणि थरथरत्या बोटानं खुणा करत त्यांना कोन सांगतात.

पुंडलिकरावांच्या नव्या बागेला दोन हजार आठमध्ये पहिला भरघोस आंबिया बहार, दिवाळीच्या सुमारास पिकणारा, आला. तो पाहायला मोहिनी नागपूरहून आली. आता तिच्या केसांत एखाद-दुसरी पांढरी बट होती. बागेच्या बांधावर तिघं बसली, संत्री सोलली. शेजारीच जुनी खुजी बाग होती, तीही आपल्या परीनं फळलेली. मोहिनीनं पिशवीतून एक छापील कागदांची जुडी काढली. तिनं लिहिलेला अभ्यास एका इंग्रजी नियतकालिकात छापून आला होता. शेवटच्या पानावर एका ओळीवर बोट ठेवून ती म्हणाली, “मावशी, हे तुमचं नाव. देवकाबाई भोयर, आंजी मोठी. आपल्या भागात हा रोग चाकूवरून पसरतो हे ओळींच्या क्रमावरून पहिल्यांदा तुम्ही ओळखलं, असं लिहिलंय.”

देवकाबाई चौथीपर्यंत शिकलेली. इंग्रजी अक्षरं तिला परकी होती, तरी ती वाकून त्या ओळीकडे पाहत राहिली. मग तिनं विचारलं, “आन या बागीचं?”

“आहे ना. इथं, नकाशासकट. ‘बाग क्रमांक तीन.’”

देवकाबाईनं पुंडलिकरावांकडे पाहिलं. ते फोडीतल्या बिया थुंकून शांतपणे पुढची फोड सोलत होते.

“क्रमांक काऊन?” ती म्हणाली. “याहिचं नाव टाकाचं होतं, म्याडम. झाडं त याहिचे होते.”

“तसा नियम असतो, मावशी.”

“नियम बदलवा मंग,” देवकाबाई म्हणाली, आणि तिनं सोललेलं अर्धं संत्रं पुंडलिकरावांच्या हातावर ठेवलं.